खोलीतले संगीत आणि खोलीबाहेरचे वादक

१

धाकटी डहाणूच्या मच्छीमार वस्तीत मी गेली चार वर्षे भाड्याच्या खोलीत राहतो आहे. तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात आणि संध्याकाळी शेजारच्या पडवीत बेंजो पार्टीची तालीम चालते. एक बेंजो, एक कीबोर्ड, ढोलक, ताशा, झांज आणि ऑक्टोपॅड. गणपती आणि हळदीच्या सुपाऱ्या याच महिन्यांत ठरतात.

ऑक्टोपॅड वाजवणारा मुलगा माझा विद्यार्थी. दुसऱ्या वर्षाला आहे. १९३० नंतरच्या मुंबईवर बोलताना मी वर्गात ओघात सांगितले होते, की हिटलरच्या भयाने मुंबईत आलेल्या एका ज्यू संगीतकाराने येथे चेंबर म्युझिकची सोसायटी काढली. तालीम संपल्यावर तो मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"सर, चेंबर म्हणजे खोलीच ना?"

"हो."

"चारपाच जण खोलीत बसून वाजवतात, तेच ना? मग आम्ही काय वेगळं करतो?"

मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री तो प्रश्न मला सोडीना. मुलाने शब्दाचा अर्थ बरोबर लावला होता. चुकले होते ते माझे हसणे. त्या हसण्यात मी कोणाच्या बाजूने हसलो, हे स्वतःला विचारल्यावर मला शरम वाटली. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेला जबाब आहे. मी संगीताचा जाणकार नाही. इतिहासाचा शिक्षक आहे, घराण्यातला पहिला पदवीधर आहे, आणि माझा आजा डफडे वाजवीत असे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच.

२

युरोपात चर्चमधले संगीत वेगळे, नाटकगृहातले वेगळे आणि सरदारांच्या दालनात वाजणारे वेगळे मानले जाई. या शेवटच्या प्रकाराचे नाव चेंबर म्युझिक. त्यात वादक थोडे असतात. प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ असते. पुढे उभा राहून हातवारे करणारा कोणी नसतो. एकमेकांच्या कानावर आणि श्वासावर विसंबून वाजवायचे. दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो असे चौघे बसले की त्यांना स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात.

हा चौघांचा प्रकार ज्याने घडवला तो हायडन १७६१ साली एस्टरहाझी नावाच्या हंगेरियन सरदार घराण्याच्या चाकरीत लागला. करारात अट होती, की त्याने गणवेश घालावा आणि धनी सांगेल ते रचून द्यावे. ज्याला आज सारे जग गुरू मानते तो माणूस दरबारातला वर्दीवाला नोकर होता! हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. मग हायडनमध्ये आणि गावकीच्या वाजंत्र्यामध्ये फरक तो कोणता?

फरक तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट, हायडन नोकर असला तरी दालनाच्या आत होता. आमचा माणूस मांडवाच्या बाहेर होता, आणि देवळाच्या पायरीच्याही बाहेर होता. दुसरी गोष्ट, हायडनची चाकरी त्याच्या जन्माला चिकटलेली नव्हती. त्याचा बाप गाड्यांची चाके बनवणारा कारागीर होता. चाके करणाऱ्याचा पोरगा संगीतकार होऊ शकला, आणि साठीकडे झुकल्यावर लंडनला जाऊन स्वतःच्या नावाने मान मिळवू शकला. आमच्याकडे डफडे वाजवणाऱ्याचा पोरगा डफडेच वाजवील, हे त्याच्या जन्माआधी ठरलेले होते. तिसरी गोष्ट, हायडनने रचलेले कागदावर उतरले. कागदावर उतरले म्हणून ते धन्याच्या दालनातून सुटले आणि जगाचे झाले. आमच्या माणसाचे वाजणे त्याच्या हातांबरोबर मातीत गेले.

पुढे हे दालन सरदारांकडून शहरी मध्यमवर्गाकडे आले. विसाव्या शतकाच्या आरंभी नव्या रचनाकारांना कळून चुकले, की तिकीट काढून येणाऱ्याला ओळखीचेच ऐकायचे असते. व्हिएन्नाच्या शोनबर्गने १९१२ साली एक आवाज आणि पाच वादक एवढ्यांसाठी 'पिएरो ल्यूनेर' ही रचना केली. पुढे विसाव्या शतकात नव्या संगीताला वाहिलेले जे छोटे वादकसंच निघाले, त्यांतल्या अनेकांनी या पाच वादकांचाच साचा उचलला. १९१८ साली, महायुद्ध संपता संपता, त्याच शोनबर्गने केवळ समकालीन रचना वाजवण्यासाठी एक खासगी संस्था काढली. तिचे नियम पाहण्याजोगे आहेत. तालमी भरपूर घ्यायच्या. अवघड रचना एकदा वाजवून सोडायची नाही, पुन्हा पुन्हा वाजवायची. आज काय वाजणार ते आधी जाहीर करायचे नाही. टीकाकाराला आत घ्यायचे नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत. शंभर वादकांचा वृंद परवडत नसे, म्हणून मोठमोठ्या रचना मूठभर वाद्यांसाठी आटवून घेत. तीन वर्षांत शंभरावर कार्यक्रम करून १९२१ च्या अखेरीस महागाईने ही संस्था बंद पडली. १९३३ साली हिटलर आला आणि ज्यू म्हणून शोनबर्गची बर्लिनमधली नोकरी गेली. ज्याला समाजाने बाहेर उभे केले त्याने स्वतःची खोली बांधली, आणि मग त्या समाजाने त्याला देशाबाहेरच काढले, असा हा इतिहास आहे.

३

वॉल्टर काउफमन याच पिढीतला. १९०७ साली बोहेमियातल्या कार्ल्सबादला ज्यू घरात जन्मला. बर्लिन आणि प्राग येथे शिकला. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने प्रबंध लिहिला, पण आपला मार्गदर्शक प्राध्यापक नाझी चळवळीत आहे हे कळताच त्याने डॉक्टरेट घ्यायचे नाकारले. ज्याच्या घरात पदवी प्रथमच आली आहे, त्याला या नकाराचे वजन अधिक कळते. आम्ही पदवी मिळवण्यासाठी काय काय गिळले ते आमचे आम्हाला ठाऊक.

१९३४ साली काउफमन मुंबईत उतरला. बर्लिनमध्ये ओळख झालेले चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी येथे होते. काही महिन्यांतच त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. पियानोवर स्वतः काउफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ वेर्गा नावाचा इटालियन. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल होई. मे १९३७ पर्यंत या संचाने १३६ कार्यक्रम केले. जगविख्यात झालेला झुबिन मेहता हा याच मेहली मेहतांचा मुलगा. तो १९३६ साली, म्हणजे या गुरुवारांच्या ऐन भरात, मुंबईत जन्मला.

काउफमनविषयीची एक गोष्ट आमच्या चळवळीने ध्यानात घ्यावी अशी आहे. हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्याने प्रथम ऐकल्या तेव्हा ते त्याला परके आणि अगम्य वाटले. 'हे संगीतच नव्हे' असे म्हणून तो मोकळा झाला नाही. त्याने उलटा विचार केला: हे संगीतही बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच केले आहे, असंख्य माणसांना ते आवडते, तेव्हा दोष माझ्या कानात असला पाहिजे. मग तो शिकत राहिला. पुढे तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. आकाशवाणीची ओळखधून त्याचीच मानली जाते. ती ऐकत आमच्या कैक पिढ्यांची सकाळ झाली. १९४६ साली तो येथून गेला. कॅनडात आणि मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात राहिला. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानच्या रागांवर त्याने मोठे ग्रंथ लिहिले. १९८४ साली वारला. त्याच्या मुंबईच्या मुक्कामातल्या चेंबर रचना मात्र कपाटातच पडून होत्या. कॅनडातल्या एआरसी आँसाम्बल या संचाने २०२० साली त्यांची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्या जगाला ऐकू आल्या. हा संच हद्दपार केलेल्या रचनाकारांच्या विसरलेल्या कृती शोधून वाजवतो. विसरलेल्यांसाठी कोणीतरी संच उभारावा लागतो. आपोआप काही वर येत नाही.

'दोष माझ्या कानात असेल' हे वाक्य म्हणायला किती सोपे! या देशातल्या अभिजन रसिकाने, समीक्षकाने, संगीताच्या इतिहासकाराने हे वाक्य हलगीसमोर, डफड्यासमोर, संबळासमोर कधी उच्चारले काय? वाद्याला विटाळ होता, कारण त्यावर चामडे होते. पण तेच चामडे तबल्यावर आणि पखवाजावर चढले की ते देवघरापर्यंत गेले. विटाळ चामड्याचा नव्हताच. हाताचा होता.

४

आता त्या गुरुवारांच्या शेजारी दुसरे काही दिवस ठेवून पाहू. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबईत, नायगावला, महार परिषद भरली. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. म्हणजे जिमखान्यात गुरुवारी क्वार्टेट वाजत असताना, त्याच शहराच्या गिरणगावात, चाळींच्या चौकांत दुसरे छोटे वादकसंच वाजत होते. त्यांना आपण आंबेडकरी जलसे म्हणतो.

जलशाचा संच केवढा? गाणारे दोनतीन, ढोलकी, तुणतुणे, डफ, झांज, कधी एक पेटी. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी १९३० च्या दशकात हे जलसे गावोगाव नेले. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण गणातला गणपती काढला आणि गौळण काढली. त्या जागी मानवमुक्तीचे गाणे आले. महाडचे तळे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार हे विषय घटना घडताच पदात बांधले जात. श्रोता बहुतेक निरक्षर. त्याचे वर्तमानपत्र हेच.

माझे म्हणणे असे आहे, की 'समकालीन संगीताला वाहिलेला छोटा संच' ही व्याख्या प्रामाणिकपणे लावली तर १९३० च्या दशकातल्या मुंबईत असे दोन प्रकारचे संच होते. दोघांनाही ओळखीचे तेच ते वाजवून चालणार नव्हते. दोघांचाही श्रोता थोडा होता आणि कान देऊन ऐकणारा होता. एकाची हकिकत संगीताच्या इतिहासात आली. दुसऱ्याची हकिकत फार तर 'लोकरंजन' या सदरात किंवा चळवळीच्या तळटीपेत गेली.

येथे कोणी म्हणेल, ही ओढाताण आहे. क्वार्टेटमधली स्वररचनेची गुंतागुंत जलशात कोठे? हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. गुंतागुंत वेगळी होती हे खरे. जलशाने चाली बहुतेक चालू तमाशातून आणि नाटकांतून उचलल्या. त्याचे नवेपण शब्दांत आणि प्रसंगात होते, स्वरांत कमी होते. पण नवेपणाची किंमत कोणी काय मोजली, हेही विचारले पाहिजे. जिमखान्यात नवे वाजवणाऱ्याला फार तर रिकाम्या खुर्च्या भेटत. गावात नवे गाणाऱ्याला दगड भेटत.

आणखी एक नोंद केली पाहिजे. काउफमनने १९४१ साली गोंड आणि बैगांच्या लोकगीतांवर अमेरिकेतल्या एका संगीतविषयक त्रैमासिकात लेख लिहिला. त्याचा कान आदिवासींपर्यंत पोचला, हा त्याचा मोठेपणा. त्यानंतर चारच वर्षांनी, २३ मे १९४५ रोजी, माझ्या आजच्या मुक्कामापासून दूर नसलेल्या तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सारा काळ आहे. या वारल्यांचे वाद्य तारपा. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने. एक जण वाजवतो आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे ते वर्तुळ जगभर गेले. पण चित्र जगभर जाण्याआधी ते वर्तुळ ज्यांनी धरले, त्यांचे हात सावकाराच्या आणि जमीनदाराच्या शेतात फुकट राबत होते. गाणे ऐकायला कान लागतो. गाणाऱ्याच्या तोंडात घास आहे की नाही हे पाहायला दुसरी जाणीव लागते. ती जाणीव संगीतशास्त्राने अजून पुरती कमावलेली नाही.

५

मुंबईतल्या पाश्चात्य संगीताच्या इतिहासात दोन नावे ठळक येतात: श्रोता आणि आश्रयदाता पारशी; वादक गोव्याचा ख्रिस्ती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. ती विद्या घेऊन ते मुंबईला आले. रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि सवड मिळाली तर सिंफनीत त्यांनी वाजवले. हिंदी चित्रपटसंगीताचा सारा वाद्यमेळ यांच्या हाताने बांधला गेला. पडद्यावर मात्र संगीत दिग्दर्शकाचे नाव मोठे आणि यांचे नाव 'साहाय्यक' म्हणून, किंवा नाहीच.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. १९२७ चा जन्म. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे गुरू. १९५८ साली त्यांनी स्वतःच्या खटपटीने इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभी केली आणि सेंट झेविअर्स महाविद्यालयाच्या चौकात राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम असलेल्या स्वतःच्या नव्या रचना वाजवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण नवे वाजवणाऱ्याच्या मागे पैसा उभा राहिला नाही. पुढे 'अमर अकबर अँथनी' या १९७७ च्या चित्रपटातल्या गाण्यात प्यारेलालनी गुरूचे नाव घालून ऋण फेडले. देशभर ते नाव विनोदी गाण्यातले म्हणून माहीत झाले. त्या नावाचा एक जिवंत माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते वारले.

वनराज भाटिया यांचीही कथा फार वेगळी नाही. लंडन आणि पॅरिसला शिकून १९५९ साली परतलेला हा रचनाकार समकालीन पाश्चात्य धर्तीचे संगीत लिही. पोट भरले ते जाहिरातींनी आणि चित्रपटांनी. 'अंकुर' आणि 'मंथन' यांचे संगीत त्यांचे. या दोन्ही चित्रपटांत जातीने दाबलेली माणसे आहेत, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. २०२१ साली मुंबईत ते वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी चित्रपटांचीच यादी दिली. त्यांच्या मैफलीच्या रचना किती जणांनी ऐकल्या असतील?

याचा अर्थ एवढाच, की खोलीच्या आत बसणारे सारेच मालक नसतात. आतही मजूर आहेत. आमची लढाई व्हायोलिनशी नाही. बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती आणि उतारवयात ते ते शिकत होते, हे आपण सारे जाणतो. वाद्य कोणत्याही जातीचे नसते. मक्तेदारी असते, आणि लढाई तिच्याशी आहे.

६

माझे गाव देवगिरीच्या किल्ल्याच्या पलीकडे आहे. किल्ल्याचे टोक आमच्या शिवारातून दिसते. तेराव्या शतकात या देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात मार्गी आणि देशी असा भेद आहे. त्या त्या प्रदेशातल्या लोकांच्या आवडीने जे चालते ते देशी. अशा १२० देशी तालांची यादी त्याने दिली. हे ताल कोणाकोणाच्या हातातून दरबारात आले, ते त्याने लिहिले नाही. लिहिण्याची गरज कोणाला वाटलीही नसावी.

सातशे वर्षांनी ती यादी एका फ्रेंच विश्वकोशात छापून आली आणि ऑलिव्हिए मेसियां नावाच्या तरुण रचनाकाराने ती वाचली. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला. ग्योरलिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्याबरोबर एक क्लॅरिनेटवाला, एक व्हायोलिनवाला आणि एक चेलोवाला होता. हाताशी असलेल्या या वाद्यांसाठी आणि छावणीतल्या खटारा पियानोसाठी त्याने आठ भागांची रचना लिहिली. १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत शेकडो कैद्यांपुढे ती वाजली. 'काळाच्या अंतासाठी चौकडी' हे तिचे नाव. विसाव्या शतकातल्या चेंबर संगीतात तिचे स्थान पहिल्या रांगेत आहे. तिच्या पहिल्याच भागात पियानोच्या हातात देवगिरीच्या यादीतले देशी ताल आहेत.

देवगिरीचा ताल फ्रान्समार्गे जर्मन छावणीत पोचला आणि तेथे चौघा कैद्यांना माणूस म्हणून उभे राहायला त्याने बळ दिले. देवगिरीच्या पायथ्याशी राहणारा माझा आजा मात्र तालासाठी दुसऱ्याच कारणाने ओळखला जाई. लग्नाची वरात, देवीची जत्रा, पाटलाकडचे बारसे. डफडे घेऊन पुढे चालायचे, मांडवाबाहेर बसायचे, सगळ्यांची पंगत उठल्यावर वाढतील ते पदरात घ्यायचे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि त्या हिवाळ्यात आमची वस्ती बौद्ध झाली. त्याच आठवड्यात आज्याने डफड्याचे चामडे विळ्याने फाडले आणि कडे विहिरीत टाकले. म्हणाला, "आता हे हातात धरायचं न्हाई. आन् माझ्या पोरानंबी धरायचं न्हाई." जत्रेला वाजवायला कोणी गेले नाही म्हणून गावाने वर्षभर वस्तीला काम दिले नाही.

त्याने केले ते योग्यच केले. यात मला यत्किंचित शंका नाही. जे वाजवणे नाकारता येत नाही ती कला नव्हे, वेठ आहे. आज लोककला महोत्सवांच्या मांडवात डफडेवाल्याला फेटा बांधून नाचवणारे, आणि 'तुम्ही तुमची परंपरा सोडली' म्हणून आम्हालाच दूषण देणारे जे लोक आहेत, त्यांना हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे. परंपरा आम्ही सोडली नाही. तुम्ही तिला गळ्यातला दोर केले होते, तो दोर आम्ही तोडला.

परंतु एक हिशेब उरतोच. आज्याला किती ताल येत होते? वरातीचा वेगळा, देवीचा वेगळा, प्रेतयात्रेचा वेगळा, कुस्तीचा वेगळा. हे सारे कोठे लिहिलेले नाही. विहिरीत कडे गेले त्याबरोबर तेही गेले. जलशांची पदे आपल्याकडे थोडीफार राहिली, कारण कर्डकांसारख्यांनी १९७८ साली पुस्तक करून ठेवले. चाली किती राहिल्या? हायडन आणि आजा यांच्यातला तिसरा फरक येथे येऊन भिडतो. वाजवणे नाकारण्याचा हक्क आम्ही मिळवला. लिहून ठेवण्याचा हक्क अजून वापरलेला नाही.

७

गेल्या हिवाळ्यात त्या विद्यार्थ्याला घेऊन मी मुंबईला एका समकालीन चेंबर मैफलीला गेलो. डहाणूहून चर्चगेटपर्यंत लोकलने तीन तास. तिकिटे सर्वांत मागच्या रांगेतली. चार वादक होते. पहिल्या रचनेचा एक भाग संपला, शांतता झाली, आणि आम्ही दोघांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. सभागृहात फक्त आमच्याच चार हातांचा आवाज. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिले. रचना पुरती संपेपर्यंत टाळी वाजवायची नसते, हा तेथला रिवाज. मला शोनबर्गचा नियम पाठ होता, तरी हात उठलेच. पाहणाऱ्या बाईंच्या नजरेत राग नव्हता, फक्त ओळखणे होते. ते ओळखणे आम्ही शाळेत, कचेरीत, मुलाखतीच्या खोलीत पुष्कळदा पाहिले आहे.

मग दुसरी रचना सुरू झाली. मध्येच चेलोवाल्याने गज खाली ठेवला आणि वाद्याच्या पोटावर तळहाताने थाप मारली. मग बोटांनी, मग नखांनी. विद्यार्थी माझ्या कानाशी लागला, "सर, हा तर ढोलक वाजवतोय." लाकडावरच्या त्या थापेला सारे सभागृह श्वास रोखून ऐकत होते. मागच्या रांगेत मला एकदम आज्याचे हात आठवले. मी ते कधी वाजताना पाहिले नव्हते. भाकरी मोडतानाच पाहिले होते.

परतताना गाडीत तो मुलगा गप्प होता. विरारच्या पुढे म्हणाला, "आपण टाळी वाजवली ते चुकलं का?"

मी म्हणालो, "नाही. पण कधी वाजवायची ते कळल्यावर वाजवायची की नाही, ते आपण ठरवू."

दिवाळीच्या सुटीत मी त्याला आमच्या गावी नेले. माझा बाप आयुष्यभर गवंड्याच्या हाताखाली राबला. डफड्याला त्याने कधी हात लावला नाही, आज्याने लावू दिला नाही. पण लहानपणी पाच-सहा वर्षांचा होईतो शेजारपाजारच्या वस्तीतले वाजणे आणि घरात आज्याचे जमिनीवर बोटे आपटणे त्याने ऐकले होते. आज्याची ती सवय शेवटपर्यंत गेली नव्हती. मी विचारले तेव्हा बाप आधी चिडला. "शिकून परत तिकडंच चालला का?" म्हणाला. मी सांगितले, वाजवायला कोणाच्या दारात जायचे नाही, लिहून ठेवायचे आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग पिठाचा रिकामा डबा पुढे ओढला.

विद्यार्थ्याने फोनवर ध्वनिमुद्रण केले आणि वहीत मात्रा मांडायला लागला. त्याने वाजवून दाखवले. बापाने मान हलवली. "असं न्हाई. हात वर जातानाबी वाजतं. ती जागा सोडली तू." पोराने पुन्हा मांडले. तिसऱ्या वेळी बापाने काही म्हटले नाही, म्हणजे ते बरोबर होते.

आतापर्यंत चार ताल वहीत आले आहेत. पाचवा बापाला अर्धाच आठवतो. आमच्यातल्या ज्या कार्यकर्त्यांच्या, शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या घरी असे हात अजून हयात आहेत, त्यांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे, एवढे सांगण्यासाठी मी हे लिहिले. धाकटी डहाणूच्या त्या पडवीत आता आठवड्यातून एक दिवस सुपारीची गाणी बंद ठेवून पोरे हे चार ताल बसवतात. त्या पोरांना हे वाजवण्याची सक्ती नाही आणि त्याचे पैसेही नाहीत. त्या मुलाने मला विचारले होते, आम्ही काय वेगळे करतो. त्याचे उत्तर मला आता देता येते. खोली तीच असते. ती कोणाची, तेथे बसण्याचा आणि तेथून उठून जाण्याचा अधिकार कोणाचा, आणि तेथे वाजलेले कोणाच्या नावाने लिहिले जाते, एवढ्यानेच संगीताचा इतिहास ठरत आला आहे. पुढचा इतिहास आपण आपल्या वहीत लिहू.